नीरेची काकवी घरच्या शेगडीवर

कॅनडात आणि अमेरिकेच्या ईशान्य राज्यांत थंडी सरायला लागली की अनेक घरांच्या परसात एक छंद जागा होतो. मेपलच्या खोडाला बारीक भोक पाडायचं, त्यात नळी बसवायची, थेंब थेंब रस बादलीत जमवायचा आणि तो आटवून दाट पाक करायचा. हे सगळं वाचलं किंवा पाहिलं की आपल्यालाही करून बघावंसं वाटतं. पालघर-बोईसरला मेपल वाढणार नाही, कारण त्याला लागतो तो गोठवणारा हिवाळा इथे पडत नाही. पण झाडाचा गोड रस आटवून घरी काकवी करायची असेल, तर त्यासाठी आपला जिल्हा मेपलच्या मुलुखाहून उजवा आहे. केळवे-माहीमपासून चिंचणी, डहाणू, बोर्डीपर्यंतची किनारपट्टी ताडांनी भरलेली आहे आणि आत जव्हार-विक्रमगडकडे शिंदी उभी आहे. या झाडांचा रस मेपलच्या रसाच्या पाच-सहा पट गोड असतो. अडचण गोडीची नाही, वेळेची आहे. हा लेख मुख्यतः त्या वेळेबद्दल आहे.

मेपलचं गणित

मेपलच्या रसात साखर असते जेमतेम दोन टक्के. जिभेवर ठेवला तर तो किंचित गोडसर पाण्यासारखा लागतो. रात्री तापमान शून्याखाली जातं आणि दिवसा वर येतं, त्या चढउताराने खोडात दाब तयार होतो आणि भोकातून रस गळू लागतो. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात काही आठवडेच हा खेळ चालतो. झाडाला पालवी फुटू लागली की रसाची चव बिघडते आणि हंगाम संपतो.

किती रसाचा किती पाक होईल, हे काढायला तिकडचे लोक एक सोपा नियम वापरतात. व्हर्माँट विद्यापीठातल्या सी. एच. जोन्स यांच्या नावाने तो ओळखला जातो: ८६ या आकड्याला रसातल्या साखरेच्या टक्क्याने भागायचं. उत्तर येईल तितका रस एका मापाच्या पाकाला लागतो. दोन टक्के साखर असेल तर एक लिटर पाकाला ४३ लिटर रस. म्हणूनच चाळीसास एक हे प्रमाण तिकडे सर्वांच्या तोंडी असतं. बाकीचं सगळं पाणी वाफ करून घालवायचं, त्यासाठी लाकूड फोडायचं आणि दिवस दिवस भट्टीपाशी बसायचं. जगातलं सत्तर टक्क्यांच्या आसपास मेपल सिरप एकट्या क्युबेक प्रांतात होतं, आणि तिथले मोठे उत्पादक आता यंत्राने निम्म्याहून अधिक पाणी आधीच काढून घेतात. हौशी माणूस मात्र अजून पातेल्याशीच झुंजतो.

आता हाच नियम ताडाला लावा. ताज्या नीरेत साधारण दहा ते चौदा टक्के साखर असते. बारा टक्के धरली तर एक लिटर काकवीला सात लिटरांच्या थोडी वर नीरा पुरते. इंधनाचाही हिशोब करून पाहण्यासारखा आहे. सहा लिटर पाणी वाफ करायला घरच्या शेगडीवर साधारण अर्धा ते पाऊण किलो गॅस जातो. त्याच एक लिटर पाकासाठी मेपलचा रस आटवला असता तर साडेतीन-चार किलो गॅस लागला असता. फ्लॅटच्या स्वयंपाकघरात मेपलचा छंद परवडत नाही. नीरेचा परवडतो.

आपल्याकडची गोड झाडं

कोकणात रस देणारी झाडं चार: ताड, शिंदी, माड आणि भेरली माड. दक्षिण कोकणात माडाच्या पोयीतून माडी काढतात. गोव्यात तिला सूर म्हणतात, ती काढणारा तो रेंदेर, आणि तिच्यापासून होणारं काळपट ‘माडाचं गोड’ गोव्याच्या सणासुदीच्या पदार्थांत अजून मानाने वापरलं जातं. भेरली माड आपल्याकडे लग्नाच्या मांडवाला झावळ्या पुरवण्यापुरता उरला आहे. श्रीलंकेत मात्र हेच झाड कितुल म्हणून ओळखलं जातं आणि त्याच्या रसाचा पाक म्हशीच्या दह्यावर घालून खाणं ही तिथली राष्ट्रीय आवड आहे. मेपल सिरपचं आशियातलं सख्खं भावंड शोधायचं तर ते हेच.

पालघर जिल्ह्यात राज्य ताडाचं आणि शिंदीचं. ताडात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. मादीला ताडगोळे लागतात, जे एप्रिल-मे महिन्यांत रस्तोरस्ती सोलून विकले जातात. रस दोन्हींतून निघतो. तो खोडातून येत नाही, फुलोऱ्यातून येतो. फुलोरा आधी काही दिवस दाबून, चेपून तयार करतात, मग त्याच्या टोकाचा पातळ काप रोज धारदार कोयत्याने काढतात, म्हणजे जखम भरत नाही आणि रस वाहत राहतो. खाली मडकं बांधलेलं असतं. ताड पन्नास-साठ फुटांचा असला तरी हे काम दिवसातून दोनदा, सकाळ-संध्याकाळ, वर चढूनच करावं लागतं.

शिंदीचं तंत्र निराळं आहे आणि मेपलच्या जास्त जवळचं. तिथे शेंड्याखालच्या कोवळ्या खोडाची एक बाजू तासून रस काढतात. दरवर्षी बाजू बदलतात. त्यामुळे जुन्या शिंदीच्या खोडावर डावी-उजवीकडे खाचा दिसतात आणि त्या मोजल्या की झाड किती हंगाम तासलं गेलं आहे ते कळतं. पुढच्या वेळी विक्रमगड किंवा जव्हारच्या रस्त्याने जाताना एखादी वाकडीतिकडी शिंदी दिसली तर थांबून बघा. हिवाळ्यात बंगालमध्ये ज्या नव्या गुळाची, ‘नोलेन गुड’ची, वाट पाहतात तो याच झाडाचा.

मेपल आणि ताड यांच्या रसात एवढं अंतर का, हेही सांगायला हवं. मेपलच्या भोकातून वाहतं ते मुख्यतः मुळांकडून वर चढणाऱ्या वाहिन्यांतलं पाणी, त्यात साठवलेल्या पिष्टापासून झालेली थोडी साखर विरघळलेली. ताडात आपण पानांत तयार झालेली साखर फुलांकडे, फळांकडे नेणाऱ्या वाहिन्या कापतो. ज्या साखरेवर ताडगोळे पोसले जायचे तीच मडक्यात उतरते.

नीरा आणि ताडी यांच्यामधले काही तास

नीरा आणि ताडी ही वेगळ्या झाडांची पेयं नाहीत. झाडातून उतरतानाचा गोड, न आंबलेला रस म्हणजे नीरा. तोच आंबला की ताडी. हवेतलं, मडक्यातलं, कापलेल्या फुलोऱ्यावरचं यीस्ट आणि जिवाणू रस टपकताक्षणीच कामाला लागतात. त्यांना लागते ती साखर, ऊब आणि वेळ. पालघरच्या हवेत पहिल्या दोन गोष्टींची कमतरता नाही. म्हणून रस रात्री जमवतात, सूर्य उगवण्याआधी उतरवतात आणि उन्हं तापायच्या आत पिऊन किंवा आटवून संपवतात.

आंबणं लांबवायला जुना उपाय म्हणजे चुना. मडकं आतून धुवून, कधी धुरावर धरून, त्याला चुन्याच्या निवळीचा हात देतात. चुन्यामुळे रस अल्कधर्मी होतो आणि यीस्टची वाढ रोखली जाते. नवा उपाय म्हणजे थंडी. केरळच्या कासारगोड इथल्या केंद्रीय रोपण पिके संशोधन संस्थेने नारळाच्या नीरेसाठी बर्फाचा छोटा डबाच पोयीला टांगायची पद्धत बसवली. त्यात चुना लागत नाही आणि रस सोनेरी, स्वच्छ उतरतो. आपल्याला झाडावर डबा टांगायचा नाही, पण बर्फ भरलेली पेटी घेऊन पहाटे नीरा आणायला जाणं आपल्या हातात आहे. या छंदातलं अर्धं यश त्या बर्फात आहे असं मी म्हणेन.

डहाणू आणि ताडगूळ

ताडाच्या रसाची दारू न होता गूळ व्हावा, हा विचार महात्मा गांधींनी १९३०च्या दशकात जोर लावून मांडला. वर्ध्याला १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, आणि त्या परिवारातले गजानन नाईक यांनी ताडगुळाच्या कामाला आयुष्य वाहिलं. रस चुन्यात कसा धरायचा, चुना पुन्हा कसा काढायचा, कमी जळणात कढई कशी तापवायची, यांवर त्यांनी बारकाईने काम केलं. स्वातंत्र्यानंतर ते केंद्र सरकारचे ताडगूळ सल्लागार झाले. मुंबई राज्यात १९५० साली संपूर्ण दारूबंदी आली तेव्हा ताडी काढणाऱ्या हजारो हातांना दुसरं काम देण्याचा प्रश्न उभा राहिला. नीरा आणि ताडगूळ हे त्यावरचं उत्तर म्हणून पुढे आलं.

डहाणूला खादी व ग्रामोद्योग आयोगाचं प्रशिक्षण केंद्र आहे आणि ते गजानन नाईक यांच्याच नावाने ओळखलं जातं. जून २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, आयोगाने डहाणूत २०० स्थानिक कारागिरांना सात दिवसांचं प्रशिक्षण देऊन नीरा काढण्याची आणि ताडगूळ बनवण्याची अवजारं दिली. एका संचाची किंमत १५ हजार रुपये होती आणि त्यात स्टेनलेस स्टीलची कढई, साचे, मोठे बर्नर, सुऱ्या, दोर, कुऱ्हाडी असं सामान होतं. संचातल्या वस्तूंची ही यादी हौशी माणसानेही वाचण्यासारखी आहे. साधी कढई नाही, स्टेनलेस स्टीलची कढई. चूल नाही, बर्नर. गूळ काळा आणि धुरकट होऊ नये यासाठी काय बदलावं लागतं ते त्यातून कळतं.

ताडाचं इथल्या जगण्यातलं स्थान पाहायचं असेल तर वारली चित्रं बघावीत. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ही कला जगापुढे नेली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. वारली चित्रांत उंच ताड, त्यावर चढलेला माणूस आणि शेंड्याला टांगलेली मडकी पुन्हा पुन्हा येतात. ताडी काढणं हा भंडारी समाजाचा पिढीजात व्यवसाय. आतल्या गावांत वारली आणि इतर आदिवासी कुटुंबंही हे काम करतात.

झाडाला हात लावू नका, नीरा विकत घ्या

मेपलवाला स्वतःच्या अंगणातल्या झाडाला स्वतः भोक पाडतो. इथे तसं करायचं नाही, दोन कारणांसाठी.

पहिलं कारण कायद्याचं. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली ताडी देणारं झाड छेदायला परवाना लागतो. झाड तुमच्या मालकीचं असलं आणि तुम्हाला फक्त गोड नीरा हवी असली तरी परवान्याशिवाय छेद देता येत नाही, कारण आज सकाळची नीरा दुपारी ताडी असते. हा विषय राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे आहे. म्हणून नीरा घ्यायची ती परवानाधारक केंद्रातून किंवा संस्थेकडूनच, आणि त्याच सकाळी आटवून होईल तेवढीच. उरलेली नीरा घरात आंबवत ठेवणं हा छंद नव्हे, गुन्हा आहे.

दुसरं कारण जिवाचं. ताडाला फांदी नसते. चढणारा पायात दोराचा फास अडकवून किंवा खोडाला बांधलेल्या बांबूच्या पेरांवर पाय रोवून वर जातो, एका हाताने झावळीचा देठ धरतो आणि दुसऱ्या हाताने काप काढतो. ओल्या पहाटे हे रोज करणाऱ्यालाही धोका असतो. पाहून शिकण्याची ही गोष्ट नाही.

मग या छंदात आपलं काय उरतं? पारख, स्वच्छता, शेगडी आणि थर्मामीटर. मेपलच्या घरगुती कारागिरीतली खरी कसोटीही तिथेच लागते.

नीरा कशी पारखावी

हंगाम साधारण दिवाळीनंतर सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. काकवीसाठी डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने सगळ्यांत चांगले, कारण रात्री गार असतात आणि रस टिकतो. बोईसर किंवा पालघरहून निघणाऱ्याने घरी परतण्याची वेळ आधी ठरवावी. नीरा उतरल्यापासून ती उकळेपर्यंत दोन-तीन तासांहून जास्त जाता कामा नयेत. बर्फात असेल तर थोडी सवलत मिळते.

ताजी नीरा जवळजवळ पारदर्शक किंवा किंचित दुधी असते, वास मंद आणि गोड. भांड्याच्या कडेने बारीक बुडबुड्यांची रांग उठत असेल, वास आंबूस येत असेल, जिभेवर चुणचुण होत असेल, तर ती काकवीच्या कामाची नाही. औषधाच्या किंवा विज्ञान-साहित्याच्या दुकानात पीएच मोजायच्या पट्ट्या मिळतात. बिनचुन्याच्या ताज्या नीरेत पट्टी सातच्या जवळपास दिसते. ती सहाच्या खाली गेली असेल तर आंबणं बरंच पुढे गेलेलं असतं. चुन्यात धरलेली नीरा आठ किंवा त्याहून वर दाखवते.

दुसरं साधन म्हणजे हातात धरायचा रिफ्रॅक्टोमीटर, ज्याने नाशिकचे द्राक्ष बागायतदार मण्यांतली साखर मोजतात. काचेवर दोन थेंब टाकायचे आणि उजेडाकडे धरून आकडा वाचायचा. खरी नीरा दहा ते चौदाच्या दरम्यान येते. याचा फार मोठा उपयोग भेसळ ओळखायला होतो. सॅकरिनचं पाणी जिभेला नीरेइतकंच गोड लागेल, पण काचेवर तो आकडा दोन-तीनच्या वर जाणार नाही. मात्र साध्या साखरेचं पाणी मिसळलेलं असेल तर हे यंत्र फसतं. तिथे ओळखीचा विक्रेताच हवा.

कच्च्या नीरेबद्दल एक इशारा. रात्रभर उघड्या असलेल्या मडक्यांवर फलाहारी वटवाघळं येतात, रस चाटतात, त्यात लघवीही करतात. बांगलादेशात निपाह विषाणूच्या अनेक साथींचा माग शिंदीच्या कच्च्या रसापर्यंत लागला आहे आणि तिथे आता मडक्याभोवती बांबूच्या कामट्यांचा पडदा बांधायला शिकवतात. उकळल्यावर हा विषाणू टिकत नाही. त्यामुळे काकवीला ही भीती नाही. पण आटवायला आणलेली नीरा मुलांना तशीच प्यायला देऊ नये. झाकलेल्या मडक्याची नीरा मिळत असेल तर तीच मागावी.

टोपापासून बाटलीपर्यंत

सात-आठ लिटर नीरा आणली आहे असं धरू. त्यासाठी रुंद तोंडाचा स्टेनलेस स्टीलचा टोप हवा, निदान बारा-चौदा लिटरांचा, कारण फेस भरपूर येतो. उंच आणि अरुंद भांड्यात वाफ निघायला वेळ लागतो आणि रंग काळवंडतो. ॲल्युमिनियमचा टोप घेऊ नये. चुन्याचा रस त्याला खातो. लोखंडी कढईत काकवी काळी होते आणि चवीत लोखंड उतरतं.

आल्या आल्या नीरा चौपदरी धुतलेल्या पंचातून गाळावी. माश्या, मधमाश्या, फुलोऱ्याचे कण निघून जातील. चुन्याची नीरा असेल तर ती अर्धा तास थंड जागी स्थिर ठेवावी, तळाशी पांढरा गाळ बसतो, वरची निवळ अलगद दुसऱ्या भांड्यात ओतावी. तरीही पट्टी आठच्या बरीच वर असेल तर लिंबाचा रस थेंब थेंब घालत ढवळावं आणि सात-साडेसातवर थांबावं. मग पुन्हा गाळावं. गूळ बनवणाऱ्या केंद्रांत हे काम सुपर फॉस्फेटने करतात, पण ते शुद्ध दर्जाचं आणि मोजून. खताच्या दुकानातली पिशवी स्वयंपाकघरात आणू नये.

आता आच मोठी करावी. पहिली उकळी जितक्या लवकर येईल तितकं चांगलं, कारण उकळी आली की यीस्ट मरतं आणि आंबणं थांबतं. उकळी यायच्या आधीच वर करडी-तपकिरी साय जमू लागते. ती मळी. ती झाऱ्याने काढत राहायची, रसात ढवळून मिसळू द्यायची नाही. काकवीची चव स्वच्छ लागते की मातकट लागते हे या पंधरा-वीस मिनिटांत ठरतं, त्यामुळे तेवढा वेळ फोन बाजूला ठेवून टोपापाशी उभं राहावं.

मग मधला लांब टप्पा. मोठ्या बर्नरवर सात लिटरांना साधारण तीन तास लागतात. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, नाहीतर सहा लिटर पाण्याची वाफ भिंतींवर बसते. फेस टोपाच्या काठाशी आला तर खोबऱ्याचा तुकडा किंवा खोबरेल तेलाचा एकच थेंब टाकावा, फेस जागीच बसतो. गूळकरी यासाठी एरंडाच्या बिया ठेचून टाकतात. घरी त्या वापरू नयेत, त्या विषारी असतात. रस एक तृतीयांश उरला की रंग बदलायला लागतो. आधी फिकट चहासारखा, मग मधासारखा, आणि स्वयंपाकघरात भाजल्या साखरेचा, थोडा खजुराचा वास भरतो. हा वास आणि हा रंग आचेमुळे साखर आणि अमिनो आम्लं यांच्यातल्या क्रियेतून येतो. मेपलची ओळखीची चवही अशीच आचेवर तयार होते. झाडातून ती आयती येत नाही.

शेवटचा टप्पा सगळ्यांत छोटा आणि सगळ्यांत घातकी. बुडबुडे आतापर्यंत मोठे, पाण्यासारखे फुटत होते. ते अचानक लहान, चिकट, सोनेरी होतात आणि एकमेकांवर चढत टोपात वर येऊ लागतात. आच निम्मी करावी. थर्मामीटरचं टोक बुडेल पण तळाला टेकणार नाही असं धरावं. पालघर समुद्रसपाटीला आहे, त्यामुळे इथे पाणी १०० अंश सेल्सियसला उकळतं. तरी आपला थर्मामीटर खरं सांगतो का ते आधी साध्या उकळत्या पाण्यात तपासून घ्यावं. पाण्याच्या उकळीपेक्षा चार अंश वर, म्हणजे १०४, ही मेपल सिरपची ठरलेली खूण. नीरेच्या काकवीलाही तीच लागू पडते. १०४ ते १०५च्या दरम्यान साखर ६६-६७ टक्क्यांवर पोहोचते. थर्मामीटर नसेल तर झारा बुडवून आडवा धरावा. थेंब सुटे न पडता कडेला एकमेकांना मिळून पातळ पडद्यासारखे घसरले की गॅस बंद. आणखी पुढे, ११६ ते १२० अंशांच्या आसपास गेलात तर तो गूळ. एकदा मुद्दाम थोडी काकवी वेगळ्या कढईत पुढे नेऊन वाटीत ओतून बघावी, ताडगुळाची वडी घरीच मिळते.

गरम असतानाच जाड कापडातून पुन्हा गाळायची. चुन्याच्या नीरेत इथे बारीक वाळूसारखा पांढरा गाळ निघतो. मेपलवाल्यांनाही असाच गाळ भेटतो आणि ते त्याला साखर-वाळू म्हणतात. उकळत्या पाण्यातून काढून पूर्ण वाळवलेल्या काचेच्या बाटल्यांत काकवी ८५ अंशांच्या वर असतानाच काठोकाठ भरायची, झाकण घट्ट लावायचं आणि बाटली मिनिटभर उलटी ठेवायची म्हणजे झाकणही आतून तापतं.

काकवी का बिघडते

पातळ राहिली तर आंबते किंवा बुरशी धरते. साखर ६५ टक्क्यांखाली असेल तर हे हमखास होतं. फार दाट झाली तर तळाशी खडे जमतात. हे खडे टाकू नयेत. बंगालमध्ये ताडाच्या पाकातून मुद्दाम असे खडे वाढवतात आणि घसा बसला की ‘तालमिछरी’ म्हणून चघळतात.

आंबूस नीरा आटवली तर काकवी आंबट-गोड आणि गडद होते, गूळ तर तिचा होतच नाही. खारट, तुरट चव आली तर चुना राहिला. कडवट आली तर शेवटी आच मोठी होती. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवावी आणि चमचा कोरडा वापरावा.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ताडगूळ आणि नीरेची काकवी यांचा प्रचार अनेकदा औषध म्हणून केला जातो. त्यात थोडी खनिजं असतात हे खरं, पण ती मुख्यतः साखरच आहे. मधुमेह असलेल्यांनी ती साखर म्हणूनच मोजावी.

कशाबरोबर खावी

गरम नागलीच्या भाकरीवर साजूक तूप आणि काकवी, हा माझ्या मते पहिला मान. पानगी, घावन, आंबोळी यांच्याबरोबर ती सहज जाते. श्रीलंकेतल्यासारखी घट्ट दह्यावर घातली तर जेवणानंतर दुसरं गोड लागत नाही. घोलवडच्या पिकल्या चिकूच्या फोडींवर मात्र घालू नका, दोन्हींचा गोडवा एकाच जातीचा आहे आणि एकमेकांना मारतो. त्याऐवजी लिंबाच्या सरबतात साखरेच्या जागी घालून पाहा.

भाव आणि माणूस

एक लिटर काकवीमागे सात लिटर नीरा, म्हणजे कोणीतरी ताडावर केलेल्या कित्येक चढणी. घासाघीस करण्याची ही जागा नाही. ताडी काढणाऱ्यांची नवी पिढी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, बोईसरच्या दुकानांत, मुंबईच्या लोकलने कामाला जाते, आणि त्यात नवल काही नाही: तिथे पगार महिन्याला मिळतो आणि पडून हाडं मोडत नाहीत. नीरेला ताडीपेक्षा चांगला भाव मिळाला, आणि तो हंगामभर ठरलेल्या गिऱ्हाईकांकडून मिळाला, तरच कोणी चुन्याचा, बर्फाचा, स्वच्छ मडक्याचा खटाटोप करील. चार-पाच घरांनी मिळून एकाच केंद्राकडे आठवड्याची मागणी आगाऊ नोंदवली तर विक्रेत्यालाही सोयीचं होतं आणि रसही ताजा मिळतो.

ताड लावायचा असेल तर

ज्यांची गावाकडे जागा आहे त्यांनी ताड जरूर लावावा, पण स्वतःसाठी लावतो आहोत असं समजू नये. बी रुजून फुलोरा यायला बारा ते वीस वर्षं जातात, आणि तोवर झाड नर आहे की मादी हे कळत नाही. शिंदी त्या मानाने लवकर हाती लागते. पिकून गळलेल्या ताडफळातल्या बिया पावसाच्या सुरुवातीला कायमच्या जागीच वीतभर खोल पुराव्यात. कोंब आधी जमिनीत खोल जातो आणि मग वर पान काढतो, त्यामुळे पिशवीत रोप करून नंतर हलवायला गेलं की मूळ तुटतं आणि झाड बहुधा मरतं. दोन झाडांत दहा-बारा फुटांचं अंतर ठेवावं आणि पहिली काही वर्षं गुरांपासून व वणव्यापासून जपावं. शेताच्या बांधावर लावलेल्या ताडाखाली भातही पिकतो, सावली फारशी पडत नाही.